बंकरमधली रांगोळी

आमच्या स्वयंपाकघरात, मसाल्याच्या फळीशेजारी, वर्षभर एक लाकडी डाव टांगलेला होता. चांगला हातभर लांब, दांड्यावर दोन पोपट कोरलेले. जयपूरच्या जुन्या शहरातल्या, चारदीवारीतल्या, कुठल्याशा कारागिराच्या हातचं काम असावं. पाहुणे आले की त्याचं कौतुक करायचे आणि मी घाईघाईनं चहाला साखर किती, ते विचारायचे. त्या डावानं मी घरात कधी आमटीसुद्धा ढवळली नाही. तो मी विकत आणला नव्हता, मला मिळाला होता, आणि कशाबद्दल मिळाला होता ते सांगायची लाज वाटत होती.

इथल्या छावणीत गोल्फचं मैदान आहे. तिथे दर हिवाळ्यात एका रविवारी नवरा-बायकोंचा सामना होतो. जोडीला चेंडू एकच. एक फटका नवऱ्यानं मारायचा, पुढचा बायकोनं, आणि तोही चेंडू जिथे जाऊन पडला असेल तिथून. म्हणजे एकानं घाण करायची आणि दुसऱ्यानं निस्तरायची. आमच्यातल्या कुणालाच हा नियम वेगळा समजावून सांगावा लागला नाही. पहिल्या जोडीला चषक मिळतो. शेवटच्या जोडीला मिळतो हा डाव, आणि डावाबरोबर एक काम. सामन्यानंतर मैदानावरच दाल-बाटीचं जेवण असतं, त्यात या दोघांनी उभं राहून सगळ्यांना त्याच डावानं डाळ वाढायची. मग डाव वर्षभर त्यांच्या घरी राहतो आणि पुढच्या सामन्याच्या सकाळी त्यांनीच तो परत आणून द्यायचा.

मागच्या खेपेला डाळ आम्ही वाढली.

हे सैन्यातून निवृत्त झाले ते जयपुरातूनच. गावी कऱ्हाडजवळ घर आहे, शेत आहे, पण गोल्फचं मैदान नाही, म्हणून आम्ही विद्याधर नगरात फ्लॅट घेतला. कारण विचारलं तर हे हवा-पाण्यापासून सुरुवात करतात, पण खरं कारण मी सांगितलं तेच. मला त्याचं वाईट वाटलं नाही. लग्नानंतरची कितीतरी वर्षं हे सीमेवर आणि मी मुलीला घेऊन कधी पुण्यात, कधी कुठल्या छावणीत. सुट्टीवर आले की घरात पाहुणा आल्यासारखं व्हायचं. चहाचा डबा कुठे आहे, हे त्यांना विचारावं लागायचं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आम्ही दोघांनी मिळून करायचं असं काहीतरी हाती लागलं होतं, आणि ते म्हणजे हा पांढरा, अंगावर खळगे असलेला, माझं मुळीच न ऐकणारा चेंडू.

त्यात माझे मास्तर हेच. सरळ उभ्या माणसाला इतक्या सूचना एका वेळी देता येतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. डावा हात सरळ. उजवं कोपर अंगाशी. गुडघे सैल. खांदे वळव, कंबर नंतर. नाही, कंबर आधी. डोकं खाली, अगं डोकं खाली, मतलब खालीच! एकदा तर माझं डोकं वर उचललं जाऊ नये म्हणून यांनी समोर उभं राहून माझ्या टोपीवर तळहात ठेवला. मी काठी मागे नेली, फिरवली, चेंडू तिथेच राहिला आणि टोपी यांच्या हातात आली. मी म्हटलं, "डोकं खालीच होतं, टोपी वर गेली." यांना हसू आलं नाही.

तरी मोकळ्या गवतावर माझं बरं चाललं होतं. अडायचं ते बंकरमध्ये. बंकर म्हणजे झेंड्याभोवती मुद्दाम खणून ठेवलेले वाळूचे खड्डे. चेंडू त्यात गेला की मी वाळूत उतरायचे, चेंडूकडे डोळे वटारून बघायचे आणि खच्चून घाव घालायचे. काठी वाळूत रुतायची, तोंडात वाळू जायची आणि चेंडू होता तिथेच. मग पुढचा फटका यांचा. हे शांतपणे खाली उतरायचे आणि चेंडू बाहेर काढायचे. त्या सामन्यात मी जेवढ्या खड्ड्यांत गेले, तेवढ्यांतून मला यांनीच बाहेर काढलं, आणि तरी आम्ही शेवटचे आलो.

डाळ वाढताना माझे कान तापले होते. लोक प्रेमानंच चिडवत होते, "भाभीजी, दाल में रेत तो नहीं?" मी हसत होते, पण आत नुसता तिळपापड. आणि मग परतताना गाडीत हे म्हणाले, "पुढच्या वर्षी आपण नुसतं बघायला जाऊ या. बघायलाही मजा येते."

रागावून म्हणाले असते तर मी भांडले असते. हे अगदी मऊपणानं म्हणाले. मला त्रास होऊ नये म्हणून. मी खिडकीबाहेर बघत बसले आणि मला रडू आलं. आयुष्यभर मी या माणसाला बघायलाच गेले होते. परेड बघायला, मेडल मिळताना बघायला, गाडीत बसून जाताना बघायला. आता कुठे एका चेंडूला आळीपाळीनं मारायची पाळी आली होती, तर पुन्हा खुर्ची टाकून बघायला बसा. मी मनाशी म्हटलं, पुढच्या वर्षी मी खेळणार, आणि वाळूतून माझी मी बाहेर येणार.

मग मी यांना सांगून टाकलं, "सरावाच्या बंकरकडे तुम्ही फिरकायचं नाही. एक शब्द सांगायचा नाही." यांनी हुकूम पाळला. हुकूम पाळायची सवय जन्माची.

मुलगी बंगळुरूला असते. तिला मी फोनवर माझी व्यथा सांगितली तेव्हा तिनं एक व्हिडिओ पाठवला. त्यातल्या माणसानं चेंडू घेतलाच नव्हता. त्यानं वाळूत एक आडवी रेघ काढली आणि काठी फिरवून ती रेघ उडवली. पुन्हा रेघ, पुन्हा उडवली. एवढंच. पहिल्यांदा बघून मला वाटलं, ही माझी थट्टा करतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरावाच्या बंकरमध्ये उतरले. थंडीची सुरुवात होती, गवतावर दव होतं आणि पलीकडे एक मोर आपलंच मैदान असल्यासारखा फिरत होता. मी वाळू हातानं सारखी केली आणि बोटानं रेघ काढली. काठी फिरवली. वाळूचा एक पातळ पापुद्रा उडून पुढे पडला. काठी रुतली नाही. मी पुन्हा रेघ काढली. पुन्हा तसंच. मला समजेना की आज काय वेगळं झालं. मग लक्षात आलं की मारायला चेंडूच नव्हता, त्यामुळे मी कुणावर चिडले नव्हते. घाव घालून थांबत नव्हते, काठी आपसूक पुढे जात होती. बंकरमध्ये चेंडूला मारायचंच नसतं. त्याच्या जरा मागून, त्याच्या खालची वाळू उचलायची, की वाळूबरोबर तो स्वतःच बाहेर येतो. हे यांनी मला पन्नासदा सांगितलं होतं. पण सांगितलेलं कानात राहतं, हातात येत नाही, निदान माझ्या तरी नाही.

आता सारखी केलेली वाळू आणि हाताशी मोकळं बोट, एवढं असल्यावर मी एका रेघेवर कशी थांबणार? लहानपणापासून अंगणात ठिपके घालत आले. मी ठिपक्यांची रांग काढली आणि एकेक ठिपका काठीनं उडवायला लागले. मग कमळ काढलं. एकेक पाकळी उडवायची. पातळ पाकळीसाठी हात हलका, मोठ्या पाकळीसाठी झोका मोठा. काठीचं तोंड आकाशाकडे उघडं ठेवलं की वाळू अलगद उचलली जाते आणि मिटलं की काठी रुतते, हे मला त्या पाकळ्यांनी शिकवलं. हिवाळाभर मी तिथे अशा कितीतरी रांगोळ्या काढल्या आणि पुसल्या, आणि इतकी मजा मला शाळा सुटल्यापासून कशात आली नव्हती.

एके दिवशी माळीभैया दाताळं घेऊन आला आणि बंकरच्या काठावर थबकला. "मैडमजी, ये बंकर में मांडणा क्यूँ मांड रखा है? कोई त्योहार है क्या?" मांडणा म्हणजे इकडची रांगोळी. मी म्हटलं, "हाँ भैया, मेरा त्योहार है." तो बिचारा माझी पाकळी तुडवली जाऊ नये म्हणून लांबून वळसा घालून गेला.

मुलीचा फोन आला की ती विचारायची, "आई, मतलब तू सचमुच तिथे ड्रॉइंग करतेस? पप्पांना माहीत आहे?" मी म्हणायचे, "त्यांना कळेल तेव्हा कळेल."

पुढे मी रेघेच्या पुढ्यात चेंडू ठेवायला लागले. आधी रेघ, मग चेंडू, मग फटका. चेंडूकडे बघायचंच नाही, रेघ पुसायची. चेंडू वाळूबरोबर टुणकन वर उडून हिरवळीवर पडायचा. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या आणि मोर दचकून पळाला.

सामन्याच्या सकाळी मी डाव वर्तमानपत्रात गुंडाळला. एवढ्यावर थांबले नाही. स्टुलावर चढून भिंतीतला खिळाही पकडीनं उपटून काढला. हे दारात उभं राहून बघत होते. म्हणाले, "खिळा कशाला काढतेस?" मी म्हटलं, "आता काय टांगायचंय तिथे?" यांनी भुवई उंचावली. "बघायला जाऊ या" हे मात्र पुन्हा म्हणाले नव्हते. मीच हट्टानं नाव दिलं होतं आणि हे गुपचूप सोबत आले होते. आज जमलं नाही तर पुढच्या वर्षी खुर्ची, हे आम्हा दोघांनाही न बोलता ठाऊक होतं.

आमच्याबरोबर खेळायला एक पंजाबी जोडपं होतं. ते निवृत्त ब्रिगेडियर, पोट सुटलेले, सदा खुशीत. बाई त्यांच्याहून खुशीत. खेळ दोघांचाही आमच्याइतकाच. ऊन कोवळं होतं, धुकं विरत होतं आणि प्रत्येक वाईट फटक्यानंतर बाई "कोई बात नहीं जी" म्हणत होत्या. शेवटच्या झेंड्यापर्यंत येता येता एवढं स्पष्ट झालं होतं की बाकीच्या जोड्या खूप पुढे आहेत आणि डाळ वाढायची ती आमच्यापैकीच एका जोडीनं. गंमत अशी की दिवसभर चेंडू बंकरमध्ये एकदाही गेला नव्हता. हिवाळाभराची माझी रांगोळी तशीच फुकट जाणार, असं मला वाटायला लागलं.

शेवटच्या ठिकाणी पहिला फटका यांनी मारला. दुसरा मी, आणि तो मी म्हणते म्हणून नाही, पण सुरेख गेला. झेंडा समोर दिसत होता. आता यांनी फक्त एक छोटासा फटका मारून चेंडू हिरवळीवर टाकायचा होता. डोकं खाली, डावा हात सरळ, सगळं पुस्तकातल्यासारखं. चेंडू उडाला, हिरवळीच्या कडेला आपटला, उजवीकडे वळला आणि सावकाश, अगदी सावकाश, खोल बंकरमध्ये उतरला.

यांचा चेहरा मी कधीही विसरणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा हे मला म्हणाले, "सॉरी." मी म्हटलं, "असू द्या." आणि खरं सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

बंकर एवढा खोल की आत उतरल्यावर मला झेंड्याचं फक्त टोक दिसत होतं. ब्रिगेडियर आणि बाई पलीकडे उभे होते, त्यांना माझी टोपीच काय ती दिसत असेल. हे बंकरच्या काठावर, माझ्या मागे. मी पाय वाळूत रोवले. श्वास घेतला. वाळू शांत होती, सकाळची, कुणी न तुडवलेली. मी वाकले, पुन्हा सरळ झाले, काठी मागे नेली आणि झोक्यात पुढे सोडली. आवाजसुद्धा झाला नाही, नुसतं सुस्स झालं. चेंडू वाळूच्या पापुद्र्यावर बसून वर गेला, क्षणभर उन्हात चमकला आणि दिसेनासा झाला. मग पलीकडून बाईंचा आवाज आला, "हाय रब्बा! भाभीजी!" आणि टाळ्या. चेंडू झेंड्यापासून वीतभर अंतरावर जाऊन थांबला होता.

मी काठी वर उडवून झेलली. या वयात. मागे वळून बघितलं तर यांचं तोंड उघडंच. मी हसत हसत दाताळं घेतलं, कारण बंकरमधून निघताना आपल्या पायांच्या खुणा आपणच सारख्या करायच्या असतात. आणि मला ती दिसली. माझ्या फटक्यानं वाळूत जो खळगा पडला होता, त्याच्या दोन्ही बाजूंना एका सरळ रेघेची दोन टोकं शिल्लक होती.

मी वाकले होते ते रेघ काढायला. रोजच्यासारखी, बोटानं, चेंडूच्या मागे. मला पत्ताही लागला नव्हता. बंकरमध्ये फटक्याच्या आधी चेंडूच्या मागची वाळू हातानं किंवा काठीनं हलवायची नसते. दोन फटक्यांचा दंड. हे तर यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. सरावात रेघ काढली काय न काढली काय, कोण विचारतो, पण हा सामना होता.

मी वर बघितलं. हे त्या रेघेकडेच बघत होते. मग खाली उतरले, माझ्या हातातलं दाताळं घेतलं आणि पहिल्यांदा ती दोन टोकंच पुसून टाकली.

हा माणूस गोल्फमध्ये स्वतःचा चेंडू गवतात बोटभर हलला तरी स्वतःच ओरडून दंड लावून घेतो. मुलगी लहान असताना तिला पत्त्यांत सुद्धा जिंकू द्यायचा नाही, नियम म्हणजे नियम. आणि आज माझ्यासाठी रेघ पुसत होता. मला एकाच वेळी यांचा राग आला आणि यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. हलक्या आवाजात मी म्हटलं, "अहो, हे काय करताय?" हे वाळू सारखी करत राहिले. म्हणाले, "चल वर. माझा फटका आहे."

मी वर गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "भाईसाब, हमारे दो बढ़ा दीजिए. मैंने रेत छू ली थी."

ब्रिगेडियर म्हणाले, "अरे, हमने तो देखा ही नहीं."

"मैंने देखा," मी म्हटलं. मग यांच्याकडे बोट दाखवून म्हटलं, "इन्होंने भी देखा." हे मान खाली घालून उभे. डोकं एवढं खाली मी यांचं कधी बघितलं नव्हतं.

आता हिशेब सरळ होता. दंड नसता, तर वीतभरावरचा चेंडू झेंड्याखालच्या भोकात घालून आम्ही त्या दोघांच्या एका फटक्यानं पुढे राहिलो असतो. दंड धरून एका फटक्यानं मागे पडलो. यांनी तरीही तो चेंडू बसून, डोळा मिटून, सगळ्या बाजूंनी निरखून भोकात घातला. बाईंनी मला मिठी मारली आणि कानात म्हणाल्या, "मेरी तो दाल परोसने की तैयारी थी!"

तो डाव वर्तमानपत्रातून पुन्हा बाहेर निघाला आणि पुन्हा माझ्याच हातात आला. लोक हसत होते. या खेपेला मीही हसत होते, अगदी पोटातून. मी डाळ वाढत होते आणि हे माझ्या शेजारी तुपाची वाटी घेऊन प्रत्येकाच्या बाटीवर तूप घालत होते. जो समोर येईल त्याला हे सांगत होते, "डाळ राहू द्या, तुम्ही हिचा बंकरमधला फटका बघितलात का? नाही? मग तुम्ही काही बघितलं नाही." हे त्यांनी हिंदीत, इंग्रजीत आणि एका मराठी कॅप्टनला मराठीत सांगितलं. कुणी पुन्हा रांगेत आलं तर त्याला पुन्हा सांगितलं.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "रेघ का पुसलीत?"

सिग्नल हिरवा झाला तरी यांनी गाडी हलवली नाही, मागून हॉर्न वाजायला लागले. मग गाडी काढत म्हणाले, "मला तो फटका पुसवेना. म्हणून रेघ पुसली."

मी खिडकीबाहेर बघितलं. पुन्हा रडू आलं, पण मागच्या वर्षीचं नव्हे.

जरा पुढे गेल्यावर यांनी घसा साफ केला. "ती रेघ तू चेंडूच्या किती मागे काढतेस?" मी दोन बोटं दाखवली. "आणि काठीचं तोंड? पूर्ण उघडं?" मी म्हटलं, "उद्या सकाळी या सरावाच्या बंकरवर. वही-पेन आणू नका. आणि एकही प्रश्न विचारायचा नाही." हे म्हणाले, "ठीक आहे."

घरी आल्यावर मी डाव ओट्यावर ठेवला आणि कपडे बदलायला गेले. स्वयंपाकघरातून ठोकाठोक ऐकू आली. येऊन बघते तर हे स्टुलावर चढलेले, सकाळी मी उपटलेला खिळा त्याच भोकात बसवत होते. तो ढिला बसत होता, म्हणून बाजूला नवं भोक पाडून लांब, जाड खिळा घेतला.

मी म्हटलं, "एका डावासाठी एवढा मोठा?"

हे हातोडी मारत म्हणाले, "पक्का हवा. आपण पुढच्या वर्षीही खेळणार आहोत."

डाव टांगून झाल्यावर मी तो पुन्हा काढून घेतला आणि त्याच डावानं रात्रीची आमटी ढवळली.